शत्रूच्या घरचा शोक

ग्रीक लोकांविषयीं आमच्याकडील वाचनप्रिय कुटुंबांत कांहीं प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारले जात आहेत. होमर एक कीं अनेक? ट्रॉयचें युद्ध खरेंच झालें काय? ज्या अथेन्सनें जगाला लोकसत्तेचा धडा दिला असें म्हणतात, त्या अथेन्सच्या घराघरांतून गुलाम कसे? आणि या सर्वांहून अधिक टोंचणीनें विचारला जाणारा प्रश्न हा कीं, ग्रीक लोक स्वतःखेरीज साऱ्या जगाला रानटी समजत, हें खरें ना? या शेवटच्या प्रश्नांत विचारणाराचें मन किंचित् दुखावलेलें असतें. कारण त्या 'साऱ्या जगां'त आपलाही समावेश होतो, हें तो जाणून असतो. होमरचा वाद विद्वानांनीं शेंकडों वर्षें चालविला आहे, तो त्यांच्याकडेच राहूं द्यावा. गुलामांविषयींचें उत्तर सरळ आहे, व तें अथेन्सला लाजविणारेंच आहे. परंतु परक्यांविषयींच्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देऊन भागत नाहीं. सुदैवानें या प्रश्नावर प्रकाश पाडणारें, प्रत्यक्ष अथेन्सच्या नागरिकांपुढें झालेलें, आणि आज उपलब्ध असलेल्या ग्रीक नाटकांत सर्वांत जुनें मानलें जाणारें एक नाटक आपल्या हातीं आहे. इस्किलसाचें 'पर्साय', म्हणजे 'इराणी लोक', हें तें नाटक होय. ग्रीकांच्या मनाचा ठाव घ्यावयाचा तर तत्त्वज्ञांच्या सूत्रांपेक्षां या एका नाटकाकडे आधीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दाचा निकाल लावूं. ग्रीक 'बार्बारोस' या शब्दाचा मूळ अर्थ रानटी असा नव्हे. ज्याची बोली कानाला 'बर् बर्' अशी लागते, म्हणजे जो ग्रीक बोलत नाहीं, तो बार्बारोस. होमरच्या काव्यांत हा शब्द स्वतंत्रपणें आढळतही नाहीं. 'इलियडां'त कारिया प्रांतांतील लोकांना उद्देशून 'बर्बर बोलणारे' अशा अर्थाचा एक सामासिक शब्द काय तो येतो. आमच्या संस्कृतांतही 'बर्बर' हा शब्द आहे, आणि 'म्लेच्छ' या शब्दाचा धातु अस्पष्ट बोलणें याच अर्थाचा म्हणून धातुपाठांत दिलेला आहे. तेव्हां परक्याची भाषा आपणांस कळली नाहीं म्हणून त्यालाच बोबडा ठरविण्याचा दोष एकट्या ग्रीकांच्या माथीं मारतां येणार नाहीं. गंमत अशी कीं, आमच्या पूर्वजांच्या दृष्टीनें ग्रीक हे स्वतःच म्लेच्छ होते. यवन म्लेच्छ खरे, पण ज्योतिःशास्त्र त्यांच्यापाशीं चांगलें नांदत असल्यामुळें तेही ऋषींप्रमाणें पूज्य ठरतात, अशा आशयाचें मत वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'त नमूद केलें आहे. हा 'यवन' शब्द आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांच्या नांवावरून आला. दारियस बादशहाच्या बेहिस्तून येथील शिलालेखांत तो 'यौन' या रूपानें कोरलेला आहे. कार्ल्याच्या लेण्यांत खांबांचें दान करणाऱ्या धेनुकाकटच्या यवनांचे लेख पाहतांना, किंवा पुढें बखरींतून हाच शब्द मुसलमान राज्यकर्त्यांस लावलेला वाचतांना, त्याचा हा लांबचा प्रवास आमच्या क्वचितच ध्यानांत येतो. इस्किलसाच्या नाटकांतील इराणी पात्रें ग्रीकांचा उल्लेख कित्येकदां याच आयोनियन नांवानें करतात. म्हणजे ज्या नांवानें आम्ही ग्रीकांना ओळखलें, त्याच नांवानें अथेन्सच्या कवीनें आपल्या लोकांना शत्रूच्या तोंडून हांक मारविली आहे.

आतां नाटकाचा प्रसंग. इ. स. पू. ४८० मध्यें झर्क्सीस बादशहानें ग्रीसवर स्वारी केली. ओस पडलेलें अथेन्स त्याच्या हातीं लागलें व अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरील मंदिरें त्यानें जाळलीं. त्याच सालीं सालामिस बेटाजवळच्या अरुंद सामुद्रधुनींत त्याच्या आरमाराचा धुव्वा उडाला, आणि पुढील वर्षीं प्लाटीया येथें त्यानें मागें ठेवलेल्या भूसेनेचाही निकाल लागला. 'इराणी लोक' हें नाटक इ. स. पू. ४७२ मध्यें, म्हणजे सालामिसनंतर अवघ्या आठ वर्षांनीं रंगभूमीवर आलें. त्याचा खर्च पेरिक्लीसनें उचलला. पुढें अथेन्सचें नांव ज्याच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें तो हा पुरुष तेव्हां नुकतीच विशी ओलांडलेला तरुण होता. स्पर्धेंत इस्किलसास पहिलें बक्षीस मिळालें. प्रेक्षक बसले होते ते अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर. त्यांच्या पाठीमागें वर टेकडीवर जळक्या मंदिरांचे अवशेष तसेच पडून होते. पार्थेनॉनच्या बांधकामास इ. स. पू. ४४७ साल उजाडावें लागलें. कवि स्वतः इ. स. पू. ४९० मध्यें मॅरेथॉनच्या रणांगणावर लढला होता. त्याचा भाऊ कायनेगिरस तेथेंच पडला. इराणी गलबताच्या मागील भागाला हात घालीत असतां कुऱ्हाडीच्या घावानें त्याचा हात तुटला, असें हिरोडोटस सांगतो. अशा कवीनें, अशा प्रेक्षकांसाठीं, अशा जागीं नाटक लिहावयाचें, आणि त्यांत एकही ग्रीक पात्र आणावयाचें नाहीं, ही योजनाच मुळीं विचार करण्याजोगी आहे.

समकालीन घटनेवर नाटक रचणें ही अगदींच नवी गोष्ट नव्हती. इ. स. पू. ४९४ मध्यें इराण्यांनीं मायलेटस हें आयोनियन ग्रीकांचें शहर घेतलें, तेव्हां फ्रिनिकस कवीनें 'मायलेटसचा पाडाव' हें नाटक अथेन्समध्यें केलें. सारा प्रेक्षकसमुदाय रडूं लागला; आणि आपल्याच माणसांच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल कवीला एक हजार द्राक्मा दंड होऊन तें नाटक पुन्हां कोणीही करूं नये असा हुकूम सुटला. याच फ्रिनिकसानें पुढें सालामिसच्या विजयावर 'फिनिशियन स्त्रिया' हें नाटक लिहिलें. त्यांत आरंभींच एक खोजा मंत्र्यांसाठीं आसनें मांडतां मांडतां झर्क्सीसच्या पराभवाची बातमी सांगून मोकळा होतो. इस्किलसानें या नाटकावरून आपलें कथानक बेतलें, असें प्राचीन टीकाकारांनींच लिहून ठेवलें आहे. परंतु उसनें घेतांना त्यानें जो एक फरक केला, त्यांतच कवि आणि कारागीर यांतील अंतर दिसून येतें. बातमी त्यानें लांबविली. नाटकाचा पहिला चतुर्थांश केवळ वाट पाहण्यांत जातो. निकाल काय तो प्रेक्षकांना पाठ आहे, आणि रंगभूमीवरील माणसांना त्याचा गंधही नाहीं.

सुसा नगरींत राजवाड्यापुढें वृद्ध मंत्र्यांचा समूह जमला आहे. आशियाचें सारें तारुण्य स्वारीवर गेलें. जासूद नाहीं, स्वार नाहीं. त्यांच्या गाण्यांत सेनापतींच्या नांवांचा घोष आहे, आणि त्याच्याच जोडीला घरीं राहिलेल्या तरुण स्त्रियांच्या अश्रूंनीं भिजलेल्या शय्याही आहेत. मग राजमाता येते. इतिहासांत हिचें नांव अटोसा. नाटकाच्या संवादांत मात्र तें कोठेंही उच्चारलेलें नाहीं. तिला स्वप्न पडलें आहे. दोन धिप्पाड, देखण्या स्त्रिया, एक इराणी वेषांतली व एक डोरियन वेषांतली, आपसांत भांडत आहेत. झर्क्सीस त्यांना आवरून एकाच रथाला जुंपतो. एक जूं मिरवीत उभी राहते, दुसरी तें मधोमध मोडून त्याला खालीं पाडते. या दोघी एकाच कुळांतल्या बहिणी आहेत, आणि एकीला ग्रीस व दुसरीला परकी भूमि मिळाली ती चिठ्ठ्या टाकून, असें राजमाता सांगते. येथें वाचकानें क्षणभर थांबावें. ग्रीस आणि इराण यांना सख्ख्या बहिणी कल्पिणारा कवि इराण्यांना जन्मतःच हीन मानीत होता, असें म्हणणें कठीण आहे. जन्म एकच, वांट्याला आलेली भूमि वेगळी, आणि जूं सोसण्याची संवय वेगळी.

स्वप्न सांगून झाल्यावर राजमाता मंत्र्यांना विचारते कीं, हें अथेन्स आहे तरी कोठें? त्या लोकांपाशीं संपत्ति कोणती? ते धनुष्यानें लढतात काय? त्यांचा धनी कोण? उत्तरें येतात तीं अशीं कीं, त्यांच्या भूमींत चांदीचा झरा आहे, ते हातघाईच्या भाल्यानें व ढालीनें लढतात, आणि ते कोणा एका मनुष्याचे गुलाम म्हणवून घेत नाहींत. ही प्रश्नोत्तरें चालू असतां उतारावर बसलेल्या प्रेक्षकांच्या छात्या फुगल्या असतील यांत संशय नाहीं. लॉरियनच्या ज्या खाणींतील चांदीवर सालामिसचें आरमार उभें राहिलें, त्या खाणींत राबणारे हात गुलामांचे होते, ही गोष्ट त्या क्षणीं कोणाच्या मनांत डोकावली असेल असें वाटत नाहीं.

यानंतर दूत येतो, आणि नाटकाचें खरें हृदय उघडतें. सालामिसच्या लढाईचें समकालीन माणसानें केलेलें असें हें एकच वर्णन आज आपल्यापाशीं आहे. इस्किलस स्वतः त्या लढाईंत हजर होता, असें कायोस बेटाच्या आयॉन या कवीच्या आधारानें प्राचीनांनीं लिहिलें आहे. हिरोडोटसाचा इतिहास पुष्कळ वर्षांनंतरचा. दूताच्या हिशेबानें ग्रीकांचीं गलबतें तीनशें आणि वर निवडक दहा, झर्क्सीसचीं हजार. ग्रीकांकडून आलेला एक मनुष्य झर्क्सीसला खोटीच बातमी देतो कीं, रात्रीं ग्रीक पळून जाणार. इराणी खलाशी रात्रभर वल्हीं मारीत वाटा अडवून बसतात. पहांट होते ती पळापळीच्या गलबल्यानें नव्हे, तर ग्रीकांच्या रणगीतानें. खडकांवरून त्याचा प्रतिध्वनि उठतो, आणि दूत म्हणतो कीं, आपण फसलों हें त्या क्षणीं साऱ्यांना उमगलें. अरुंद जागेंत स्वतःचींच गलबतें एकमेकांवर आपटतात. मोडक्या फळ्या आणि प्रेतें यांखालीं समुद्र दिसेनासा होतो. पाण्यांत पडलेल्यांना ग्रीक तुटक्या वल्ह्यांनीं मारतात. आमच्या कोंकणांत ज्याला कुपा म्हणतात त्या जातीचे मासे जाळ्यांत घेऊन ठेंचावे, तसे. ही उपमा फार क्रूर आहे. विजयी पक्षाच्या कवीनें ती शत्रूच्या दूताच्या तोंडीं घातली, म्हणून ती फुशारकी न राहतां साक्ष बनते. हाच मजकूर एखाद्या ग्रीक सेनापतीच्या भाषणांत घालून पाहा. त्यांतील कारुण्य तत्काळ उडून जाईल.

आणखी एक गोष्ट. इराणी सरदारांचीं नांवें या नाटकांत डझनांनीं येतात: कोणता सरदार कोणत्या खडकावर आपटला, कोणाची दाढी रक्तानें रंगली, कोण कोणत्या किनाऱ्यावर बेवारस पडला. समकालीन ग्रीकाचें नांव मात्र एकही येत नाहीं. ज्याच्या युक्तीनें लढाई जिंकली तो थेमिस्टोक्लीससुद्धां अनामिक राहतो. कांहीं पंडित यांत अथेन्सचें पक्षोपपक्षांचें राजकारण पाहतात, व त्याच सुमारास थेमिस्टोक्लीसला शहराबाहेर घालविण्यांत आलें होतें, याकडे बोट दाखवितात. तसें असेलही. परंतु त्यानें सर्व उलगडा होत नाहीं. ज्याचें नांव घ्यावें त्याच्यासाठीं रडावें, ही शोकाची रीत जगांत सर्वत्र सारखी आहे. नांवें मृतांचीं घ्यावयाचीं. आणि येथें मृत आहेत ते इराणी.

या नाटकाचा अर्थ लावणारांचे फार दिवसांपासून दोन तट आहेत. एक म्हणतो, हा शत्रूच्या दुःखाबद्दल कळवळलेल्या थोर मनाचा उद्गार आहे. दुसरा म्हणतो, हा विजयाचा उन्माद असून शत्रूला आपल्यासमोर रडतांना पाहण्याची हौस तेवढी येथें भागविली आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत या दुसऱ्या तटाला नवें बळ आलें. एडवर्ड सैद यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, पाश्चात्यांनीं पूर्वेला स्वतःच्या शब्दांत बोलतें करण्याची जी परंपरा सांगितली, तिच्या आरंभीं हेंच नाटक ठेवलें; आणि ईडिथ हॉल यांनीं १९८९ च्या आपल्या ग्रंथांत ग्रीक शोकनाट्यानें 'बार्बारोस' ही मूर्ति कशी घडविली तें विस्तारानें दाखविलें. हा आक्षेप सहज झटकून टाकतां येण्यासारखा नाहीं. इराणी पात्रें राजमातेपुढें लोटांगण घालतात व तिला देवाची पत्नी, देवाची माता म्हणतात. सोनें, मऊ वस्त्रें, धाय मोकलून रडणारे पुरुष, हें सारें वारंवार पुढें येतें. इतकेंच नव्हे, तर इराणी दूत आपल्याच सैन्याला 'बार्बारोस सैन्य' म्हणतो! स्वतःला परका म्हणून संबोधणारा मनुष्य जगांत कोठेंही नसतो. तो दुसऱ्याच्या लेखणींतच जन्मतो. या एका शब्दांत अथेन्सचा कवि इराण्याच्या अंगरख्याखालून उघडा पडतो, हें आम्ही मान्य करतों.

तरीही दुसऱ्या तटानें नाटकाचा उत्तरार्ध पुरेसा मनावर घेतलेला दिसत नाहीं. राजमाता मृत पति दारियस याच्या थडग्यावर दूध, मध, पाणी, द्राक्षासव आणि तेल यांचें तर्पण करते, मंत्रिगण त्याला हांका मारतात, आणि दारियसचें भूत वर येतें. भूत रंगभूमीवर आणणें हा प्रकार पुढें पुष्कळ नाटककारांनीं स्वस्त करून टाकला. येथें मात्र त्याला भारदस्त काम दिलेलें आहे. अरिष्टाचें कारण काय, हें तो सांगतो. झर्क्सीसनें वाहत्या हेलेस्पाँटला गुलामासारख्या बेड्या घातल्या. त्याच्या सैन्यानें देवांच्या मूर्ति उखडल्या, मंदिरें जाळलीं. प्लाटीयाच्या मैदानांतील प्रेतांच्या राशी तिसऱ्या पिढीपर्यंत मुक्यानेंच सांगत राहतील कीं, मर्त्यानें मर्त्याच्या मापाबाहेर मनोरथ करूं नयेत. हे शब्द एका इराणी राजाचे. ग्रीक धर्मकल्पनेंतील जें सर्वांत गंभीर तत्त्व, अतिरेकी मदाला देव शासन करतात हें तत्त्व, कवीनें शत्रूच्या पित्याच्या मुखीं घातलें आहे. इराणी जर केवळ निराळ्या जातीचा प्राणी असता, तर त्याला हा नियम लागू करण्याचें कारणच नव्हतें. रानांतल्या वाघाला कोणी मर्यादाभंगाचा दोष देत नाहीं. देव एक, नियम एक, शासन एक. म्हणून या नाटकांतील करुणा ही दया नसून न्यायाची भावना आहे असें आमचें मत आहे, आणि म्हणूनच ती अभिमानाशेजारी अवघडून बसत नाहीं. त्या उतारावरील प्रेक्षक एकाच वेळीं अभिमानानें फुगत होता आणि, त्याला कळो वा न कळो, त्याच्यावरही ज्याचा अंमल चालणार आहे असा कायदा ऐकत होता.

दोषही पाहिले पाहिजेत. दारियसला इतका शहाणा रंगविण्यासाठीं कवीनें इतिहासाची बरीच ओढाताण केली आहे. सिथियावर जातांना याच दारियसनें बॉस्फरसवर पूल बांधला होता आणि मॅरेथॉनची स्वारीही त्यानेंच धाडली होती; नाटकांत मॅरेथॉनचें नांव येतें, परंतु त्याचा डाग थोरल्या बादशहाच्या अंगाला लागूं दिलेला नाहीं. शहाणा बाप व उतावळा मुलगा अशी जोडी उभी करण्यासाठीं ही सफेती केलेली उघड दिसते. परततांना रात्रीं गोठलेली स्ट्रायमन नदी सूर्य वर येतांच वितळली व सैन्य बुडालें, हा प्रसंग हिरोडोटसाच्या इतिहासांत नाहीं. काव्यदृष्ट्या तो सुंदर आहे, पण दूताच्या भाषणांत सालामिसनंतर आणखी एवढें ओझें सोसत नाहीं. याहून मोठा दोष मौनाचा. झर्क्सीसच्या आरमारांत आयोनियन ग्रीकांचीं गलबतें होतीं व तीं सालामिसच्या लढाईंत ग्रीकांविरुद्ध लढलीं, हें हिरोडोटसावरून आपणांस कळतें. आपला दूत त्याविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. थीब्ज शहर शत्रूला मिळालें होतें, तेंही नाहीं. एक बाजू सारी ग्रीक व दुसरी सारी परकी, अशी सरळ रेघ प्रत्यक्षांत नव्हती; ती या नाटकानें ओढली. परक्यांची निंदा करण्यापेक्षां ही नीटस रेघच पुढील पिढ्यांना अधिक भोंवली असावी.

शेवटच्या प्रवेशाविषयीं टीकाकारांनीं अकारण कुरकुर केली आहे. झर्क्सीस फाटक्या वस्त्रांनीं येतो. भात्याखेरीज त्याच्यापाशीं कांहीं उरलेलें नाहीं. मंत्री एकेका सरदाराचें नांव घेऊन 'तो कोठें आहे' म्हणून विचारतात, आणि त्याच्यापाशीं उत्तर एकच. मग राजा आणि प्रजा मिळून ऊर बडवीत घराकडे जातात. येथें कथानक नाहीं, उपदेश नाहीं, केवळ विलाप आहे. वाचतांना हा भाग लांबतो हें खरें. परंतु तो गाण्यासाठीं व नाचण्यासाठीं लिहिलेला आहे, आणि त्याचें संगीत आज आपणांस उपलब्ध नाहीं. संगीत नाटकाचीं पदें वाचून कंटाळणारा मनुष्य तींच पदें नाट्यगृहांत ऐकतांना रात्र जागवितो, हें मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. राजमातेला मुलाच्या फाटक्या वस्त्रांची इतकी काळजी कां, असाही एक आक्षेप आहे. एवढें सैन्य मेलें आणि हिला कपड्यांची चिंता! पण आईला पहिल्यानें काय दिसतें, तें या आक्षेपकांनीं घरीं जाऊन विचारावें.

आमच्या वाङ्मयांत या नाटकाला सर्वांत जवळचें असें कांहीं शोधूं लागलों तर भासाचें म्हणून प्रसिद्ध असलेलें 'ऊरुभंग' आठवतें. तेथेंही पराभूत दुर्योधन मांड्या मोडून पडलेला आहे, आंधळा पिता आणि माता त्याला शोधीत येतात, लहानगा दुर्जय मांडीवर बसावयास पाहतो आणि ती मांडी आतां त्याला धरूं शकत नाहीं. महाभारताच्या स्त्रीपर्वांत तर विजयी आणि पराभूत यांचा शोक एकाच रणभूमीवर मिसळून गेला आहे. तरी एक भेद राहतोच. कौरव हे पांडवांचे भाऊच; त्यांच्यासाठीं रडणें म्हणजे आपल्याच घरासाठीं रडणें. ज्यानें आपलें शहर जाळलें अशा परदेशी राजाच्या दरबारीं जाऊन, त्याच्या आईच्या डोळ्यांनीं आपला विजय पाहण्याचें धाडस आमच्या प्राचीन नाटककारांनीं केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. ग्रीकांना याची वाट होमरनेंच दाखविली होती; 'इलियड' संपतें तें ग्रीकांच्या जयघोषावर नव्हे, तर शत्रुवीर हेक्टर याच्या अंत्यविधीवर. मात्र होमरचे ट्रोजन ग्रीकांचेच देव पूजतात व ग्रीकांशीं दुभाष्यावांचून बोलतात. इस्किलसापुढें होते ते खरोखरीचे परके.

मग मूळ प्रश्नाचें काय? ग्रीकांचें या बाबतींत एक मत कधींच नव्हतें. हिरोडोटसानें आपला इतिहास लिहिण्याचा हेतु सांगतांना ग्रीक व परके या दोघांचींही थोर कृत्यें विस्मरणांत जाऊं नयेत असें म्हटलें, आणि त्याबद्दल प्लुटार्कानें कित्येक शतकांनंतर त्याला 'परक्यांचा प्रेमी' म्हणून हिणविलें. प्लेटोनें एका संवादांत, माणसांचे ग्रीक आणि परके असे दोन वर्ग पाडणें म्हणजे सर्व संख्यांतून दहा हजार तेवढे बाजूला काढून उरलेल्यांना एकच नांव देण्यासारखें आहे, असें दाखवून ही विभागणी हास्यास्पद ठरविली. त्याचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल मात्र परका आणि गुलाम हे निसर्गतः एकच, असें बजावतो. व्यवहारांत अथेन्स अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूनें झुकत गेलें. ज्या पेरिक्लीसनें या नाटकाचा खर्च सोसला, त्याच्याच सूचनेवरून इ. स. पू. ४५१ मध्यें असा कायदा झाला कीं, आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. हा कायदा दोन पिढ्या आधीं असता तर इराण्यांवर विजयावर विजय मिळविणारा कायमन हा सेनापति अथेन्सचा नागरिकच ठरला नसता. कारण त्याची आई थ्रेसच्या राजाची मुलगी होती.

नाटकाची आठवण लोकांत कशी राहिली, हें अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इ. स. पू. ४०५ मधील 'बेडूक' या प्रहसनावरून कळतें. त्यांत मृत इस्किलस पाताळांत बढाई मारतो कीं, आपल्या 'इराणी लोक' नाटकानें नागरिकांना सदैव शत्रूला जिंकण्याची ईर्ष्या शिकविली. आणि नाट्यदेवता डायोनिसस म्हणतो, तें मंत्री टाळ्या पिटून ओरडतात तेव्हां आपल्याला भारी मौज वाटली. म्हणजे पाऊणशें वर्षांच्या आंतच दारियसचा इशारा विसरला जाऊन विजय आणि गंमत एवढेंच शिल्लक उरलें होतें. विनोदी नाटकांतील उक्ति शब्दशः धरूं नये हें खरें. पण विनोद साधतो तो लोकांच्या मनांतल्याच गोष्टीवर.

वस्तुतः विसरण्याजोगी ती वेळ नव्हती. इ. स. पू. ४१६ च्या हिवाळ्यांत अथेन्सनें मेलॉस बेट जिंकून तेथील हातीं लागलेल्या प्रौढ पुरुषांची कत्तल केली व बायकामुलें गुलाम म्हणून विकलीं. पुढच्या वसंतांत युरिपिडीसनें 'ट्रोजन स्त्रिया' हें नाटक रंगभूमीवर आणलें. पाडाव झालेल्या नगरींतील विधवा वांटून घेणारे ग्रीक त्यांत आहेत. त्याला दुसरें बक्षीस मिळालें. त्याच उन्हाळ्यांत अथेन्सचें प्रचंड आरमार सिसिलींतील सिराक्यूज जिंकण्यास निघालें. याच सिराक्यूजमध्यें, हायरॉन राजाच्या बोलावण्यावरून, इस्किलसाच्या 'इराणी लोक'चा प्रयोग पूर्वीं झाला होता, अशी परंपरा आहे. इ. स. पू. ४१३ मध्यें तेथल्या बंदरांत, अरुंद पाण्यांत दाटीनें अडकून, अथेन्सच्या गलबतांची तीच गत झाली जी सालामिसला झर्क्सीसच्या गलबतांची झाली होती. किनाऱ्यावरून तें पाहणारे अथेन्सचे सैनिक लढाईचें पारडें फिरेल तसे अंगानेंही हेलावत होते, असें थ्युसिडिडीसनें वर्णिलें आहे. सात हजारांवर कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले. प्लुटार्क सांगतो कीं, सिसिलीच्या लोकांना युरिपिडीसच्या कवितेचें वेड होतें; ज्या कैद्यांना त्याच्या नाटकांतील वेंचे पाठ म्हणतां आले त्यांतील कित्येकांना धन्यांनीं सोडून दिलें, आणि लढाईनंतर रानोमाळ भटकणाऱ्या कांहींना त्याचीं पदें गाऊन दाखविल्यावर अन्न व पाणी मिळालें. घरीं परतल्यावर हे लोक कवीच्या दारीं त्याचे आभार मानावयास गेले.